काही करत नाही हो तो!

अहो वहिनी, जरा इकडे या की, कुंपणापाशी. मोठ्यानं नको बोलायला, त्यांची स्वयंपाकघराची खिडकी ह्याच अंगाला आहे. ऐकलंत का, ऑस्करच्या कानाला टाके पडले! म्हणजे टाक्यांचं तुम्हाला कळलंच असणार. ऑस्करची आई रविवारपासून ग्रुपवर त्या कानाचे फोटो टाकतेय, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पण झालं कसं, ते काही तिनं टाकलेलं नाही. ते मी सांगते.

आमचे हे होते ना तिथे! रविवारी सकाळी, वेताळ टेकडीवर, खाणीच्या जरा अलीकडे. आता ह्यांचं तुम्हाला माहीतच आहे. घरी आले, बूट काढले, म्हणाले, “कुत्र्यांची मारामारी झाली.” संपलं! मी म्हटलं, कुणाच्या हो? तर म्हणे, “त्यांच्या.” आणि पेपर उघडला. असाच संसार केलाय मी आयुष्यभर... मग काय करणार, थोडं सी विंगमधल्या त्या पळायला जाणाऱ्या मुलीकडून, थोडं हास्यक्लबच्या बायकांकडून आणि बाकीचं खुद्द चिंगीच्या आईकडून, असं करत करत जुळवलं.

तर काय सांगत होते... हां. दोघंही मोकळे होते. हे आधी लक्षात घ्या, कारण नंतर जो तो समोरच्याचंच कुत्रं मोकळं होतं म्हणून सांगत सुटला. ऑस्करचं तर रोजचंच, गाडीतून उतरला की पट्टा बाबांच्या गळ्यात आणि हा सुसाट. आणि चिंगीची आई म्हणते, “पाचच मिनिटं सोडलं होतं हो काकू, कुणी दिसत नव्हतं.” कुणी दिसत नव्हतं! रविवारी सकाळी साडेसातला! अर्धं कोथरूड असतं त्या वेळेला वर. बरं, ही कुत्री मोकळी सुटली की मोर कसे जीव घेऊन पळतात तो विषय निराळाच, तो परत कधीतरी.

ऑस्करनं हिला पाहिलं आणि निघाला थेट तिच्या अंगावर. चौतीस किलोचा लॅब्राडोर, दोन वर्षांचा, अंगात नुसती मस्ती. चिंगी जेमतेम पंधरा किलोची, त्यातून मागचा एक पाय कधीतरी गाडीखाली आलेला. ती जागच्या जागी थिजली. सी विंगवाली सांगत होती, कान मागे, शेपूट पोटाखाली, तोंड फिरवलेलं आणि सारखी जिभेनं ओठ चाटतेय. म्हणजे “नको रे बाबा” असंच की ते! ह्यानं येऊन तिच्या पाठीवर मान टाकली. आणि मागून, चांगल्या पन्नास पावलांवरून, ऑस्करच्या बाबांचा आवाज, “घाबरू नका हो, काही करत नाही तो! फ्रेंडली आहे!” कानात ती पांढरी बोंडं, फोन चालूच.

आता मला सांगा, हे त्यांनी सांगितलं कुणाला? चिंगीच्या आईला. चिंगीला कोण सांगणार? तिला मराठी कळतं हो, तो प्रश्न नाही, पण विश्वास नको बसायला?

मग चिंगी गुरगुरली. तर तिची आई तिलाच ओरडली, “चिंगी, नो! बॅड गर्ल!” हे मात्र तिनं स्वतःच मला सांगितलं, बरं का, आणि सांगताना नुसती दुपट्ट्याचं टोक पिळत होती. चिंगी गुणी, आईचं ऐकलं, गुरगुरायची थांबली. आणि पुढच्या क्षणी ऑस्करचा कान तिच्या दातात!

कानाचं रक्त म्हणजे काय विचारता. जखम बोटाच्या पेराएवढी, पण कान फार रक्त गाळतो, आणि कुत्रा मान झाडतो ना, त्यामुळे चहूकडे शिंतोडे. हास्यक्लबच्या बायका बाजूलाच हात वर करून हा-हा करत होत्या, पांढरे स्वच्छ पंजाबी ड्रेस घालून. एकदम शांतता! त्यातल्या एकीला तर वाटलं माणूसच कापला कुणीतरी.

ऑस्करही मग चवताळला. कितीही फ्रेंडली झाला तरी कान फाटल्यावर कोण गप्प बसेल? दोघं एकमेकांना भिडले, आणि ऑस्करचे बाबा आले धावत आणि सरळ दोघांच्या मध्ये हात घातला, गळ्याचा पट्टा धरायला. वहिनी, अगदी हेच करायचं नसतं म्हणे. भांडणाऱ्या कुत्र्याला त्या वेळी मालक कळत नाही न् काही नाही, जे तोंडापुढे येईल त्याला चावतो. चावलाच! अंगठ्याच्या खालच्या गादीवर, चांगले दोन दात. आमच्या ह्यांनी बाटलीतलं पाणी दोघांच्या तोंडावर ओतलं, तेवढ्यात ती सी विंगवाली पुढे झाली, तिनं ऑस्करचे मागचे दोन्ही पाय धरले आणि मागे मागे ओढत नेलं. चिंगीच्या आईनं तिकडून चिंगीला तसंच ओढलं. सुटले! अहो, एवढीशी मुलगी, घरी साधी मांजरसुद्धा नाही, पण तिला ठाऊक. आणि कुत्रेवाले सगळे नुसते “ऑस्कर! चिंगी!” म्हणून किंचाळत उभे.

बरं, पुढची मजा ऐका. ऑस्करचे बाबा घरी आले, तर त्यांच्या आईनं जखमेत तिखट भरलं. हो, लाल तिखट! जुनी माणसं करायचीच हो, कुत्रं चावलं की तिखट, नाहीतर हळद-चुना. डॉक्टरांनी पाहिलं आणि असे काही ओरडले म्हणे, की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं असतं, बाकी काही भरायचं नसतं. आजी तिथेही, “पोटात चौदा घ्यावी लागणार आता!” अहो, ती पोटातली इंजेक्शनं २००४ सालीच बंद झाली आपल्याकडे. आता दंडात घेतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. शिवाय रक्त आलेलं असलं तर जखमेभोवती ते सीरम टोचतात, त्यानं म्हणे डोळ्यापुढे तारे चमकतात.

डॉक्टरांनी विचारलं, कुणाचं कुत्रं? तर हे ठासून, “ती गल्लीतली चिंगी चावली मला.” आणि ग्रुपवरही तेच टाकलं. ‘रस्त्यावरच्या हिंस्र कुत्रीनं आमच्या ऑस्करवर व माझ्यावर हल्ला केला.’ वाचलंत ना तुम्ही? त्याखाली ती रडक्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मी काही टाकलं नाही. मी म्हटलं, थांबू या.

कारण मग सोमवारी मीटिंग बोलावली ना! तुम्ही नाशिकला होतात तेव्हा, म्हणून सविस्तर सांगते. क्लबहाउसमध्ये खुर्च्या कमी पडल्या, पाण्याच्या टँकरच्या मीटिंगला कधी एवढी माणसं आली नव्हती. चेअरमनसाहेब कागद घेऊन तयारच. म्हणाले, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, जनावर सांभाळताना हलगर्जीपणा केला तर सहा महिने कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा चिंगीला बाहेर काढावं, आणि यापुढे सोसायटीत कुत्री बंद. ऑस्करच्या आईनं मान डोलावली, मग एकदम लक्षात आलं की कुत्री बंद म्हणजे ऑस्करही... मान मध्येच थांबली!

तेवढ्यात बी विंगच्या वकीलबाई उठल्या. तुम्हाला माहितीय त्यांचं, आधी चष्मा पुसतात. पुसला. म्हणाल्या, “कलम बरोबर आहे, पण पूर्ण वाचा. त्यात माणसाच्या जिवाला किंवा माणसाला मोठी इजा होण्याचा धोका असं म्हटलंय. कुत्र्यानं कुत्र्याला चावणं त्यात बसत नाही. त्याची भरपाई मागायची तर दिवाणी दावा. आणि दावा लागेपर्यंत दोन्ही कुत्री राहणार नाहीत.” चेअरमनसाहेब म्हणाले, “मग माणसाला चावलं त्याचं काय?” सगळ्यांच्या माना ऑस्करच्या बाबांच्या बँडेजकडे. त्यांनी हात जरा वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

आणि वहिनी, मागच्या रांगेतून आमचे हे! कधी नव्हे ते बोलले! बसल्या जागेवरून, शांतपणे, “तुमचाच चावला तुम्हाला. मी शेजारी उभा होतो.”

अहो, काय तो चेहरा झाला! आधी पांढरा, मग लाल. ऑस्करची आई नवऱ्याकडे बघतेय, नवरा छताच्या पंख्याकडे बघतोय. तो हात हळूहळू खाली आला आणि खिशात गेला. सी विंगवाली म्हणाली, “हो, मीपण पाहिलं, मी ऑस्करचेच पाय धरायला पुढे होत होते तेव्हा.” मग वकीलबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, “त्याचं रेबीजचं इंजेक्शन झालेलं आहे ना यंदाचं?” शांतता. ऑस्करची आई म्हणाली, “ड्यू आहे... फेब्रुवारीपासून.” आता बोला! आणि चिंगीच्या आईनं पर्समधून चिंगीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. सगळे शिक्के जागच्या जागी, ऑपरेशनचंसुद्धा. गल्लीतल्या हिंस्र कुत्रीचं कार्ड पूर्ण, आणि साठ हजारांच्या खानदानी ऑस्करचं अर्धं कोरं. डॉक्टरांनी दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ते हे आपले चिंगीवर ठेवत होते, खिडकीतून! घरात पायाशी झोपला होता त्याच्यावर ठेवायला हवं होतं.

ह्या खानदानाचं तर मला नवलच वाटतं. त्या मीटिंगमध्येच ए विंगचे एक जण म्हणाले, “शेवटी गावठी ती गावठी. लॅब असं करत नाहीत. त्याचे केनेल क्लबचे पेपर आहेत.” अहो, पत्रिका चांगली निघाली म्हणून जावई चांगला निघतो का? दुसरे कुणी म्हणाले, सरकारनं जातींवर बंदी घातलीय. घातली होती, मार्च २०२४ मध्ये, तेवीस जातींची यादी काढून. त्यात गावठी कुठे होती? ती सगळी पिटबुल, रॉटवायलर अशी परदेशी नावं. आणि ते पत्रकसुद्धा कर्नाटक हायकोर्टानं महिन्याभरात रद्द केलं. चेअरमनसाहेबांनी मग पेपरचं कात्रण काढलं, सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये भटकी कुत्री उचलायला सांगितली म्हणून. वकीलबाईंनी परत चष्मा पुसला. ते दिल्लीचं, म्हणाल्या, आणि अकरा तारखेचा तो हुकूम बावीस तारखेला त्याच कोर्टानं बदलला, नसबंदी न् लस झाली की होती तिथेच परत सोडा म्हणून. “आणि चिंगी भटकी नाही. तिला घर आहे, तीनशे चार.” चिंगीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं हो.

कुत्री बंद करण्याचंही तसंच. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ सालच्या सूचना आहेत, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, तोंडाला मुसकी बांधाच म्हणूनही सक्ती करता येत नाही. पण सामायिक जागेत पट्टा बांधा असं मालकांना सांगता येतं, आणि शहाण्या मालकानं सांगायची वाट बघू नये. मग सेक्रेटरींनी सहज म्हणून विचारलं, महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स कुणाकुणाकडे आहे? अहो, अकरा कुत्र्यांची माणसं बसली होती समोर. हात वर किती, तर दोन! बाकीचे सगळे एकदम आपापल्या फोनमध्ये. एका बाईंनी तर, “लायसन्स म्हणजे... कुत्र्याला?” असं विचारलं. मी मनात म्हटलं, नाही, तुम्हाला.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चिंगीच्या आईची काही चूकच नाही. थांबा, थांबा. तिचंही सांगते. मी कुणाची बाजू घेत नाही... म्हणजे घेते, पण दोघांची पुरती खोड काढून मग घेते.

काल ती आली होती वाटी परत द्यायला. मी म्हटलं, बस गं. चहा टाकला. आणि बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं, “मागे ब्राउनीलाही असंच केलं होतं तिनं, पण थोडक्यात निभावलं.” ब्राउनी! जानेवारीतली गोष्ट! आणि दिवाळीत तो पग आला होता ना कुणाकडे पाहुणा, त्याच्यावरही धावून गेली होती. कुणाला पत्ता लागू दिला नाही हो. “एरवी इतकी गोड आहे ना काकू, फक्त एकदम अंगावर आलेलं तिला चालत नाही.” मग पोरी, तुला हे माहीत होतं, तरी तू रविवारी, टेकडीवर, पट्टा काढलास? तर खाली बघत म्हणाली, “तिलाही जरा पळावंसं वाटतं ना.” आपला तो बाळ्या, दुसरं काय!

म्हणून मला विचाराल तर चावलं कुणी हे मी बघतच नाही. आधीपासून माहीत कुणाला होतं, हे बघते. तिला माहीत होतं की चिंगीला अंगावर आलेलं सोसत नाही. आणि त्यांना माहीत होतं की ऑस्कर हाक मारली तर येत नाही. अहो, आख्ख्या सोसायटीला माहीत आहे, रात्री साडेनऊला रोज पार्किंगमध्ये “ऑस्कर कम! ऑस्कर कम! ऑस्कर, बिस्किट!” चालू असतं, आणि बिस्किटाशिवाय येतो का तो कधी? हाकेला जो येत नाही तो फ्रेंडली असो नाहीतर संत असो, त्याला सोडायचा कशाच्या जिवावर? दत्तगुरूंच्या पायाशी बघा, चार कुत्री आहेत. चार वेद म्हणतात त्यांना. एकाच्याही गळ्यात पट्टा नाही, पण एकमेकांचे कान फाडलेले पाहिलेत कधी? कारण मालक तिथेच उभे आहेत, फोनवर नाहीत.

आता तो ट्रेनर येतो ना ऑस्करकडे, टोपीवाला, त्याला मी परवा गेटपाशी गाठलंच. म्हटलं, मला नीट सांगा. तो म्हणाला, कुत्री नीट वागली तर समोरासमोर धावत येतच नाहीत. अर्धगोल घेत बाजूनं येतात, आधी मागून हुंगतात, मग पुढचं. सरळ येऊन पाठीवर मान टाकणं म्हणजे ओळख ना पाळख, थेट येऊन आपल्या फ्रीजचं दार उघडणाऱ्या पाहुण्यासारखं. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असंही नसतं म्हणे. ताठ, उंच धरून भराभर हलत असली तर सावध व्हायचं. तोंड फिरवणं, जांभई, ओठ चाटणं, हे सगळं बोलणंच असतं त्यांचं. नॉर्वेतल्या कुणी तुरिड रुगास म्हणून बाई आहेत, त्यांनी ह्यावर पुस्तकच लिहिलंय. गुरगुरणाऱ्याला तर ओरडायचंच नाही, म्हणाला. गुरगुरणं ही सूचना आहे. सूचना दिल्याबद्दल शिक्षा झाली की पुढच्या वेळी तो सूचना देतच नाही, थेट चावतो. मला लगेच ते “बॅड गर्ल” आठवलं. पण चिंगीच्या आईला नाही सांगितलं अजून. आधीच बिचारी...

आणि एक नवीनच कळलं. समोरचं कुत्रं पट्ट्यात असलं तर आपण मोकळं सोडायचं नाहीच, कारण बांधलेल्याला पळता येत नाही. पळता येत नसलं की ते आधी हल्ला करतं. मग चूक म्हणून नाव पडतं बांधलेल्याचं. हे आपल्याकडे नेहमीचंच म्हणा, चोर सोडून संन्याशाला फाशी. माझी भाची लंडनच्या बाजूला असते, ती सांगत होती, तिकडे १९९१ सालापासून कायदा आहे. कुत्रं चावायलाही लागत नाही. ते ताब्यात नाही आणि चावेल अशी माणसाला रास्त भीती वाटली, एवढ्यावरसुद्धा मालक अडकतो. आणि २०१४ पासून तर स्वतःच्या घरात, अंगणातसुद्धा. इथे असतं तर आपल्या चार नंबरच्या बंगल्यावाल्यांचं काही खरं नव्हतं, त्यांच्या पोस्टमनची आठवण काढा जरा.

हो हो, बिलाचं सांगायचं राहिलं! तेच तर खरं. ऑस्करचा कान, भूल देऊन टाके, औषधं, सगळं मिळून साडेआठ हजार. ऑस्करच्या आईनं बिलाचा फोटो काढून चिंगीच्या आईला पाठवला, वर लिहिलं, ‘प्लीज डू द नीडफुल’. मराठी माणसं दोघी! चिंगीच्या आईनं पैसे द्यायची तयारीही केली होती, अर्धे आत्ता, अर्धे पगार झाल्यावर. आणि तिसऱ्या दिवशी चिंगीची मान सुजली. रविवारी कुणी बघितलंच नव्हतं ना तिच्याकडे, कान दिसत होता, रक्त त्याचं. हिच्या मानेवर केसांत टाचणीएवढी दोन भोकं. पण कुत्र्याचा दात तसाच असतो म्हणे, वरून भोक एवढंसं आणि आत कातडं मांसापासून सुटून आलेलं. वरचं भोक मिटतं, घाण आत राहते. मोठं गळू झालं, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, चावलं की जखम छोटी दिसली तरी त्याच दिवशी दाखवायचं असतं. चिरावं लागलं, आत नळी ठेवली, पाच दिवस सलाइन. बिल झालं चौदा हजार!

मग चिंगीच्या आईनंही फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. नुसता फोटो.

आणि वहिनी, दहा मिनिटांत ऑस्करच्या आईचा मेसेज आला, ‘आय थिंक ज्याचं त्यानं करावं, शेवटी मुकी जनावरं आहेत.’ साडेआठला नव्हती हो मुकी, चौदाला झाली! वकीलबाईंना विचारलं तर त्या हसल्या नुसत्या, म्हणाल्या, “तडजोड करा.” शेवटी दोन्ही बिलांची बेरीज करून निम्मं निम्मं ठरलंय. मला ते पटलं. चिंगीच्या आईला पटलं. ऑस्करच्या बाबांना पटलं, कारण आता ते कुठल्याही गोष्टीला हो म्हणतात. ऑस्करच्या आईनं दिलेत पैसे, पण शेवटचे पन्नास रुपये नाणी मोजून.

आता दोघंही नीट चाललेत म्हणा. ऑस्करला लांबलचक दोरी लावतात टेकडीवर, दहा मीटरची, तो धावतोही आणि हातातही राहतो. परवा ती दोरी हास्यक्लबच्या पुढारणबाईंच्या पायांत गुंडाळली, तो निराळा विषय झालाय. आणि चिंगीच्या पट्ट्याला तिच्या आईनं पिवळी फीत बांधलीय. ह्या कुत्र्याच्या जवळ येऊ नका, अंतर ठेवा, अशी खूण. स्वीडनमध्ये २०१२ साली ही टूम निघाली म्हणे. आता आपल्या टेकडीवर स्वीडन कुणाला ठाऊक! जो तो जवळ येऊन विचारतो, “अय्या, पिवळी का बांधली? आज पिवळा रंग आहे का?” नवरात्र अजून चार महिने लांब, पण आपल्या बायकांना पिवळी फीत दिसली की दुसरं सुचतच नाही. लांब राहा म्हणून बांधलेली फीत, आणि तीच बघायला माणसं वाकतायत!

बरं, आता सर्वांत ताजं. कान इकडे करा. चेअरमनसाहेब, कुत्री बंद करणारे... त्यांच्या घरून तीन रात्री कूंऽ कूंऽ आवाज येतोय. दोन-अडीचला. मी ह्यांना उठवलं, तर म्हणे पंखा असेल. पंखा कधी असा रडतो का? आणि काल त्यांच्या गाडीची डिकी उघडी होती, माझं आपलं सहज लक्ष गेलं, आत मोठी पिशवी, वर पिल्लाचं चित्र. तेवढ्यात त्यांच्या सौ. आल्या. मी अगदी साधेपणानं विचारलं, “काय हो, पिल्लू आणलं वाटतं?” तर डिकी धाडकन लावली आणि म्हणाल्या, “आमच्याकडे? छे! लेकीच्या मैत्रिणीचं आहे, दोन दिवसांसाठी.” मी म्हटलं, हो का, लस झाली का त्याची? तर म्हणाल्या, “कुणाची?”